बसून केलेला युक्तिवाद

"ही केस सोड, इंदुमती," रणदिवे वकील म्हणाले आणि त्यांनी आपल्या पुढ्यातला चहा माझ्याकडे सरकवला.

दुपारची सुट्टी होती. मी कठडा दोन्ही हातांनी धरत जिना चढून बार रूमच्या दारापर्यंत आले होते, आणि आत पाऊल टाकताना समोरचं पुस्तकांचं कपाट अंगावर येतंय असं वाटल्यामुळे चौकट धरून तशीच उभी राहिले होते. कपाट जागच्या जागी होतं. हललं होतं ते माझ्या डोक्यातलं काहीतरी. रणदिव्यांनी ते पाहिलं. बाकीच्या वकिलांनीही पाहिलं असणार, पण त्यांनी वर्तमानपत्रात तोंडं घातली होती.

अण्णासाहेब रणदिवे आमच्या तालुक्याच्या कोर्टातले सगळ्यात जुने वकील. माझी उमेदवारी त्यांच्याच ऑफिसात झाली. कोष्ट्याची मुलगी वकील होणार म्हणून गावात लोक गालातल्या गालात हसत होते, तेव्हा मला आपल्या शेजारची खुर्ची देणारे ते एकटे होते. मी त्यांना अण्णा म्हणे. आणि या केसमध्ये ते माझ्या विरुद्ध बाजूला होते.

केस साधी होती. गावापासून जरा लांब, माळावर मेटकरी धनगरांची एक वस्ती आहे. वस्तीतून डांबरी सडकेला यायला एकच वाट, आणि ती ढाणे नावाच्या माणसाच्या जमिनीतून जायची. ढाण्यानं तिथं खडीचं क्रशर टाकलं आणि वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप लावलं. तेव्हापासून वस्तीतल्या बायका, म्हातारी माणसं, शाळेची पोरं ओढ्यातून वळसा घालून जात होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वस्ती तुटायची. आदल्या साली बायडाबाई मेटकरीची सून बाळंतपणाला अडली, जीप ओढ्याच्या अलीकडेच थांबली, आणि बाजेवर घालून नेईपर्यंत मूल गेलं. सून वाचली. बायडाबाईनं दावा लावला तो त्यानंतर.

पुरावा संपला होता. राहिला होता फक्त शेवटचा युक्तिवाद. आणि नेमकी तेव्हाच मी तापानं आडवी झाले.

ताप आठवडाभरात उतरला. व्हायरल आहे, सगळीकडे साथ आहे, असं डॉक्टर म्हणाले. एका सकाळी अंथरुणातून उठायला गेले तर आढं, भिंती, खिडकी सगळं गिरकी घेऊन माझ्याभोवती फिरायला लागलं. मी फरशीवर पालथी पडून फरशीच घट्ट धरून ठेवली. पुढे गिरकी थांबली, पण जमीन काही पूर्वीसारखी घट्ट झाली नाही. चालताना कुणीतरी पायाखाली गादी टाकल्यासारखं वाटे. मान वळवली की जग एक क्षण मागं राहून मग झटक्यानं येऊन पोचे. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट, ज्यात मी लहानाची मोठी झाले, तो आता थेट कवटीत वाजायचा.

पण चक्कर एक वेळ परवडली. डोक्यात जे धुकं साचलं होतं ते भयंकर होतं. कागदावरची ओळ शेवटापर्यंत वाचावी तर तिची सुरुवात निसटून गेलेली. पाणी मागायला तोंड उघडावं आणि तोंडून "पंखा" यावा. समोर ओळखीचा माणूस बोलत असावा, त्याचं नाव काही केल्या सापडू नये. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी हे बायकांच्या या वयातलं नेहमीचंच आहे म्हणून सांगितलं आणि माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या नवऱ्याला माझ्या स्वभावाबद्दल विचारलं. मी तिथून उठून आले. शेवटी सांगलीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. त्या म्हणाल्या, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, विषाणूनं तिला दुखावलंय. मान आणि डोळ्यांचे व्यायाम करा, मेंदू हळूहळू नवी सवय लावून घेईल. धुक्याबद्दल मात्र त्यांनी खोटा धीर दिला नाही. काहींचं जातं, काहींचं रेंगाळतं, असं म्हणाल्या.

"तर तू ही केस सोड," रणदिवे म्हणत होते, "किंवा निदान पुढची तारीख घे. मी हरकत घेणार नाही. दोघांच्या सहीनं अर्ज देऊ."

ते प्रेमानं बोलत होते, यात मला आजही शंका नाही. पण त्यांना जे ठाऊक होतं ते मलाही ठाऊक होतं. मे महिन्यात न्यायाधीशांची बदली ठरलेली होती. आता तारीख घेतली की नवे साहेब येणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकणार, आणि तोवर आणखी एक पावसाळा त्या वस्तीवरून जाणार. फाटक तसंच राहणार.

"तारीख कोणाच्या सोयीची आहे, अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप आणखी पुढे सरकवला. मग म्हणाले, "भर कोर्टात तू पडलीस तर लोक केस विसरतील आणि तेवढंच लक्षात ठेवतील. या गावात तू नाव कमावलंयस. ते असं घालवू नकोस."

मी चहा तसाच ठेवला आणि पुन्हा कठडा धरून खाली उतरले.

घरी नवऱ्याचंही तेच मत होतं, फक्त वाट वेगळी. मुरलीधरांचं सुताचं दुकान आहे. माणूस मऊ, पण लोक काय म्हणतील याला फार भिणारा. माझं आजारपण त्यांनी इतक्या निगुतीनं झाकलं होतं की मी त्या दिवशी कोर्टात जाईपर्यंत शेजाऱ्यांना वाटत होतं मी पुण्याला बहिणीकडे आहे. पक्षकार आले की ते बाहेरच्या बाहेर त्यांना वाटेला लावत. मला हे एका दुपारी कळलं, एका बाईला त्यांनी दारातून "मॅडम गावाला गेल्यात" असं सांगितलेलं मी आतल्या खोलीतून ऐकलं तेव्हा. मी भिंतीला हात लावत बाहेर आले. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. ती बायडाबाई होती.

"मी गावाला गेलेली नाही," मी म्हटलं. "मी आजारी आहे. ये, आत ये."

मुरलीधरांचा चेहरा पडला. बायडाबाई आत गेल्यावर ते हळू आवाजात मला समजावू लागले, की अशानं तुझ्याकडे कोण येईल, कोर्टात आणखी कुजबूज होईल, आज ना उद्या बरी होशीलच, तोवर झाकून राहिलं तर काय बिघडलं.

"झाकायला मी चोरी केलीय का?" मी म्हटलं. "कान दुखावलाय माझा. पाय मोडला असता तर तुम्ही मला प्लॅस्टरसकट दारात बसवलं असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हकीकत सांगितली असती."

त्यांनी पायात चपला सरकवल्या. बाहेर दुकानाकडे गेले.

बायडाबाई साठीच्या घरात होती. सडपातळ, काळी, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलायची सवय. ती केसचं काय झालं ते विचारायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं. चक्कर येते, उभं राहवत नाही, बोलता बोलता शब्द हरवतात. तुझी केस मोठी आहे, दुसरा चांगला वकील मी स्वतः बघून देते, कागद त्याच्या हवाली करते. सांगताना मी माझ्यावरच चिडले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसऱ्याला आमची वाट ठावं हाय?"

मी म्हटलं, नकाशात आहे, साक्षीपुराव्यात आहे.

"तुमी चालून बघितली व्हती," ती म्हणाली. "उन्हाची. चपलीचा अंगठा तुटला तवा अनवाणी आलासा वस्तीवर. दुसरा कोन यील?"

"पण बाई, मी तिथं पडले तर?"

"पडलासा तर उचलू की. त्यात काय येवडं."

ती गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. इतक्या दिवसांत भेटलेलं हे पहिलंच माणूस, ज्यानं मला आधी बरी हो असं सांगितलं नव्हतं. आहे तशी ये, एवढंच म्हटलं होतं. आणि तेव्हा मला माझ्या आजाराचा नव्हे, तर आजारी बाईनं कसं वागावं हे मला शिकवणाऱ्या सगळ्या जगाचा संताप आला. तो संताप अंगाला चांगली ऊब देत राहिला.

वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरलीधरांना म्हटलं, दुकान उघडायच्या आधी थोडा वेळ मला साक्षी वाचून दाखवा. नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते चष्मा शोधून घेऊन आले. मी डोळे मिटून आडवी पडायची आणि ते सुताचे दर वाचावेत तशा सुरात वाचायचे. कोण साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासात कुठे अडखळला. एक तुकडा झाला की मी तो माझ्या शब्दांत सांगायची. अर्धा विसरायची. ते पुन्हा वाचायचे. काही दिवसांनी ते स्वतःच रागावायला लागले, की हा ढाणे साक्षीत म्हणतो वाट नव्हतीच, आणि त्याचाच मुकादम म्हणतो फाटक बसवायच्या आधी लोक जात होते, मग हे कसं? मी डोळे मिटूनच हसले. माझ्या नवऱ्यानं केस समजून घेतली होती.

युक्तिवादाच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. वस्तीवरची माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी होती, ढाण्याची माणसं पलीकडे. बार रूममधले वकीलही, ज्यांचं तिथं काही काम नव्हतं, ते येऊन बसले होते. गर्दी का झाली ते मला कळत होतं. मुरलीधर दुकान बंद करून आले होते. काळ्या कोटात मला दारापर्यंत त्यांनी हाताला धरून आणलं, आणि लोकांसमोर हात सोडला नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

न्यायाधीश तरुण होते, मोजकं बोलणारे. चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. पुकारा झाला. मी उठले. टेबल धरलं. साहेबांच्या मागची भिंत उजवीकडे सरकली, परत आली, पुन्हा सरकली. वकिलानं कोर्टापुढे उभं राहून बोलायचं असतं. मी उभं राहूनच कायदा शिकले होते.

"साहेब," मी म्हटलं, "मला एका तापानंतर तोल सांभाळायचा त्रास राहिला आहे. उभी राहिले तर माझी सगळी ताकद उभं राहण्यात जाईल. मला ती माझ्या पक्षकारासाठी वापरायची आहे. बसून युक्तिवाद करायची परवानगी मिळावी."

कुजबूज झाली. रणदिवे उठले आणि अदबीनं म्हणाले, की मॅडमची प्रकृती ठीक नसेल तर आपली पुढच्या तारखेला काही हरकत नाही.

"प्रकृती ठीक नाही," मी म्हटलं, "आणि पुढच्या तारखेलाही ठीक नसेल. केस तयार आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रणदिव्यांकडे. "बसा," ते म्हणाले. "बसून बोला."

मी बसले. खुर्चीचे हात धरले. भिंत हळूहळू थांबली. सुरुवात बरी झाली. नकाशा, जुन्या शाळामास्तरांची साक्ष, जे वीस-बावीस वर्षं रोज त्या वाटेनं वस्तीवर शिकवायला जात होते, ढाण्याच्या मुकादमाची कबुली. मी सावकाश बोलत होते, मान न हलवता, समोरच्या एका ठिकाणी नजर ठेवून. मधे एकदा तोच मुद्दा दुसऱ्यांदा सांगू लागले तेव्हा माझं मलाच कळलं आणि मी थांबून पुढे गेले.

मग कायद्याकडे आले. इतकी वर्षं लोक या वाटेनं जात आहेत, त्यामुळे त्यांना या वाटेवर... असं म्हटलं आणि पुढचा शब्द नव्हता.

ज्या एका शब्दावर सगळा दावा उभा होता, जो मी अर्जात, साक्षीत, बोलण्यात शेकडो वेळा वापरला होता, तो शब्द डोक्यातून पुसून गेला होता. मी त्याच्या जागी हात घातला आणि हाताला नुसतं धुकं लागलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

पूर्वीची मी असते तर कागद चाळल्याचं नाटक केलं असतं, खोकले असते, पाणी मागितलं असतं. तशी नाटकं मला चांगली येत होती. त्या दिवशी मला ती करावीशी वाटली नाहीत.

"साहेब," मी म्हटलं, "मला शब्द आठवत नाही. माझ्या आजारात असं होतं. ज्यांना हसायचंय त्यांनी बाहेर जाऊन हसावं. शब्द गेला तरी गोष्ट गेलेली नाही, ती मी सांगते. एका वाटेनं माणसं उजेडात, सगळ्यांच्या देखत, वर्षानुवर्षं चालत राहतात. कुणाची परवानगी मागत नाहीत, कारण मागायची गरज आहे असं त्यांना किंवा मालकाला कधी वाटलेलं नसतं. कुणी अडवत नाही. त्या वाटेनं नवरी येते, त्याच वाटेनं तिरडी जाते. असं होता होता ती वाट चालणाऱ्यांची होते. जमीन मालकाची राहते, वाट त्यांची. मग एक दिवस मालकाला फाटक लावावंसं वाटलं म्हणून ती त्यांची राहायची थांबत नाही. कायद्यात याला एक शब्द आहे."

रणदिवे उठले. ते हरकत घेणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

"वहिवाट, साहेब," ते म्हणाले. "मॅडमना वहिवाटीचा हक्क म्हणायचं आहे."

आणि बसले. त्यांनी तो शब्द मला हात द्यायला दिला, की माझी अवस्था सगळ्यांना नीट दिसावी म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आभारी आहे," मी म्हटलं. "माझ्या विद्वान मित्रांनी शब्द दिला. पण तो यायच्या आधीच मी त्याचा अर्थ कोर्टापुढे ठेवलाय, आणि त्या अर्थाला त्यांनी हरकत घेतलेली नाही, याची नोंद व्हावी."

साहेबांनी खाली पाहून काहीतरी लिहिलं. माझा युक्तिवाद त्यानंतरही बराच चालला. आणखी दोनदा मी अडले, दोनदा थांबले, आठवलं तसं पुढे गेले. तिसऱ्यांदा मास्तरांचं नाव आठवेना तेव्हा मागून बायडाबाईनंच ते मोठ्यानं सांगितलं आणि पट्टेवाल्याची बोलणी खाल्ली. संपलं तेव्हा माझा ब्लाउज घामानं भिजला होता. मी उठले नाही. कोर्ट उठलं, लोक पांगले, आणि मग वस्तीवरच्या दोघीजणींनी मला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर नेलं.

निकाल बदलीच्या आधी लागला. फाटक काढावं, वाट मोकळी ठेवावी. निकालपत्रात वहिवाटीच्या हक्काचं जे वर्णन आहे, त्यात नवरी आणि तिरडी नाहीत, तेवढं साहेबांनी गाळलं. बाकी वाक्यं जवळजवळ माझीच आहेत. ढाण्यानं अपील केलं. जिल्हा कोर्टात ते फेटाळलं गेलं. तिथंही मी बसूनच बोलले, आणि तेव्हापासून आजपर्यंत बसूनच बोलत आले आहे. चक्कर पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली नाही. धुकं अजूनही काही दिवस उतरतं. शब्द हरवला की मी सरळ सांगते, शब्द हरवलाय, थांबा. सुरुवातीला काही पक्षकार गेले. नंतर काही आले ते त्याच कारणासाठी. आता आमच्या कोर्टात कुणाला धाप लागली, कुणाचा गुडघा धरला, तर तो खुर्ची मागतो आणि त्याबद्दल कुणी वर्तमानपत्रात तोंड घालत नाही.

फाटक काढलं त्या दिवशी बायडाबाईनं निरोप धाडला. मुरलीधरांनी मला रिक्षानं सडकेपर्यंत सोडलं. फाटकाच्या जागी दोन खड्डे राहिले होते. वस्तीवरची माणसं त्यांच्या कडेनं ये-जा करत होती, जसं काही तिथं कधी काही नव्हतंच. बायडाबाई मला न्यायला पुढे आली. तिची सूनही होती, ती माझ्या पिशवीचं ओझं घेऊन पुढे झाली.

मी बायडाबाईचं मनगट धरून चालू लागले. ऊन होतं, माळ सगळा उघडा, धरायला ना भिंत ना कठडा. मी डावीकडे कलत होते, सावरत होते, मग उजवीकडे जात होते. आजूबाजूला माणसं होती. मला लाज वाटली, इतकं सगळं झाल्यावरही वाटली, आणि मी तिला म्हटलं की माझं चालणं दारुड्यासारखं दिसत असेल, जरा घट्ट धर, सरळ तरी चालू दे.

तिनं उलट हात सैल केला.

"सरळ कशाला?" ती म्हणाली. "बैलगाडी जाती हितनं. लई रुंद हाय वाट."

मी तिचं मनगट सोडलं आणि तशीच, जशी येत होते तशी, वस्तीपर्यंत चालत गेले.